नव्वद मिनिटं

चेकिंग टेबलावर चादर उलटी पसरायची,
ट्यूबलाइटखाली हात फिरवत न्यायचा,
गाठ लागली की खडूनं गोल.
एकवीस वर्षं हेच. सुताचा नंबर
माझ्या तळव्याला डोळ्याआधी कळतो.

ही ऑर्डर मात्र वेगळी.
रंग मातीचा. किनार नाही, मोर नाही,
कारखान्याचं नावसुद्धा विणायचं नाही.
घडी घालून यंत्रात दाबली की
सहा चादरींची मिळून एक वीट.
दोन ग्रॅम जास्त भरली तर परत.

"रॉकेटनं जाऊलालंय माल," हिरेमठ साहेब म्हणाले,
आणि बशीच्या या काठावरून त्या काठावर
चमचा उडवून दाखवला.
"कुठल्यातरी फौजेचा आहे. पृथ्वीच्या पाठीवर कुठंही,
नव्वद मिनिटं."
चहा सांडला.
नागमणी फडकं घेऊन आली, पुसता पुसता म्हणाली,
"आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो, साहेब.
त्यालापण बसवा की ओ एक रॉकेट."
सगळा हॉल हसला. साहेबसुद्धा.

जेवणाच्या सुट्टीत
कडक भाकरी आमटीत मोडत
मी खोक्यावरचा भरणीचा कागद वाचला.
ओळ अ: चादरी. आमच्या.
ओळ ब: औषधं, रक्ताच्या पिशव्या.
ओळ क: अकरा टन.
पुढं नाव नाही.

अकरा टन म्हणजे किती, मला ठाऊक आहे.
सुताचा ट्रक दारात लागतो तेव्हा साधारण तेवढंच येतं.
पण सुताचं नाव कुणी लपवत नाही.

रात्री झोप येईना.
साखर पेठेतलं घर आठवलं,
एका मागाच्या वाटणीवरून
धोटे उगारून उभे राहिलेले बाप आणि काका,
मधे तुटलेला ताणा, जमिनीवर लोळत.
आईनं कोपऱ्यावरच्या दुकानातून
मामाला फोन लावला, अक्कलकोटला.
मामा तालमीतला. मामा म्हणजे
आमच्या बाजूची फौज.

त्याची पहिली एसटी चुकली.
दुसरी वळसंगला पंक्चर झाली.
काठी घेऊन पोचला तेव्हा दिवे लागले होते,
आणि बाप नि काका शेजारी बसून
ताण्याचे धागे जोडत होते.
बोलत नव्हते.
एक टोक ह्याच्या हातात, एक त्याच्या,
गाठ दोघांची.
मामा काठीसकट दारात उभाच.
त्याला काय करावं कळेना.
आईनं काठी हातातून काढून घेतली,
दोन खुंट्यांवर आडवी ठेवली
आणि तिच्यावर ओल्या सुताच्या लडी वाळत घातल्या.

अक्कलकोट ते सोलापूर,
गाडी वेळेत सुटली असती तर
तेव्हासुद्धा दीडच तास होता.

मी वेगाच्या विरोधात नाही.
कुणी कुठं बर्फात कुडकुडत असेल
तर माझी चादर त्याच्यापर्यंत आत्ता पोचावी,
हा श्वास सोडायच्या आत.
रक्ताची पिशवी त्याच्याही आधी.
पण एकाच पोटात शेजारी बसलेली ती ओळ क,
तीही तितक्याच घाईनं उतरणार,
आणि तिथं
ताणा अजून जमिनीवरच असेल.

आज माल निघाला.
रॉकेट उडेल तिथून उडेल,
आमच्या फाटकापासून मुंबईपर्यंत
दस्तगीरचा ट्रकच.
शेवटच्या विटेवर मी हात फिरवला.
घट्ट. कुठं गाठ नाही.
खडू हातात तसाच राहिला.

दस्तगीर मोहोळला चहाला थांबतो,
टेंभुर्णीला टायर बघतो,
पुढं कधी नमाजाला, कधी नुसताच.
साहेब फोनवर ओरडत होते, उशीर, उशीर.
मी डब्यातली शेंगाचटणी
दोन भाकऱ्यांत बांधून त्याला दिली,
म्हटलं, भाऊ,
गाडी बाजूला लावून
बसून खा.